फळ खावे की फळाचा रस प्यावा?

फळाचा रस म्हणजे चावण्याचा त्रास वाचवलेले फळ, अशी आपल्या बाजारपेठेत एक पक्की समजूत आहे. या समजुतीमुळे आपल्या दुकानांतील मेहमाननवाजीची रीतही बदलली आहे. पूर्वी गिऱ्हाईक गादीवर बसले की चहा सांगितला जाई. आता निम्मी गिऱ्हाइके म्हणतात, "साखर निघाली आहे, चहा नको." मग दुकानदार मोठ्या आपुलकीने म्हणतो, "बरे, मग ज्यूस मागवतो." गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश आणि समोरचा ज्यूसवालाही खूश. परंतु या व्यवहाराचा हिशोब कोणी मांडून पाहत नाही. दोन चमचे साखरेच्या चहात साधारण १० ग्रॅम साखर असते. डाळिंबाच्या २०० मिलिलिटरच्या ग्लासात वरून एक कणही साखर घातली नाही तरी साधारण २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे साखरेच्या भीतीने एक कप चहा नाकारणारा माणूस अडीच कप चहाची साखर एका दमात पिऊन दुकानातून बाहेर पडतो.

आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, डॉक्टर किंवा हकीम नाही. तथापि हा विषय व्यापाराच्या पानावर यावा असे आम्हाला वाटले, त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात फळांचा व्यापार फार मोठ्या प्रमाणावर आपल्या बागवान बंधूंच्या हातात आहे आणि ज्यूस सेंटर चालवणारे तरुणही आपल्यात पुष्कळ आहेत. दुसरे असे की, दुकानाच्या गादीवर, शिवणयंत्रावर किंवा यंत्रमागाच्या शेडमध्ये ज्यांचा दिवस एकाच जागी जातो, त्यांच्यातच साखरेचा आजार वाढत आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मदतीने देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हे आकडे वाचल्यावर 'फळाचा रस तब्येतीला चांगला' या वाक्याकडे जरा चिकित्सक नजरेने पाहणे भाग पडते.

रेशा गेला म्हणजे काय गेले?

फळ आणि रस यांतील मुख्य फरक एका शब्दात सांगायचा तर तो 'रेशा' हा आहे. उर्दूत रेशा, मराठीत तंतू किंवा चोथा. आहारशास्त्राच्या पुस्तकांत त्याला तंतुमय पदार्थ म्हणतात. सूतगिरणीच्या या शहराला तंतू समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कापसाचा धागा ज्या पदार्थाचा बनलेला असतो, तोच सेल्युलोज नावाचा पदार्थ फळाच्या गरात, सालीत आणि बियांत असतो. माणसाच्या पोटाला तो पचत नाही. पचत नाही म्हणूनच तो उपयोगाचा आहे. तो पोटात जागा धरतो, भूक भागल्याची जाणीव देतो आणि पोट साफ ठेवतो. दुसरा तंतू विरघळणारा असतो, त्याला पेक्टिन म्हणतात. सुताला खळ दिल्यावर जसा चिकटपणा येतो, तसा हा पेक्टिन पोटात चिकट होतो आणि साखर रक्तात उतरण्याचा वेग कमी करतो.

शिवाय फळातील साखर ही मोकळी नसते. ती लाखो बारीक पेशींच्या पिशव्यांत बंद असते. दाताने चावून जेवढ्या पिशव्या फुटतील तेवढी साखर लगेच सुटते, बाकीची पुढे आतड्यात हळूहळू सुटत जाते. यंत्रात रस काढला की या सर्व पिशव्या ग्लासातच फुटतात. नंतर आपण तो गाळतो आणि राहिलेला रेशा चोथ्याच्या बादलीत जातो. ताणा काढून टाकलेल्या चादरीला कोणी चादर म्हणणार नाही, परंतु रेशा काढून टाकलेल्या फळाला आपण फळच समजतो.

आकड्यांनी पाहू. अमेरिकेच्या कृषी खात्याचे अन्नघटकांचे तक्ते जगभर वापरले जातात. त्यांनुसार १०० ग्रॅम डाळिंबाच्या दाण्यांत सुमारे १३.७ ग्रॅम साखर, ४ ग्रॅम तंतू आणि १० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. बाटलीबंद डाळिंब रसाच्या १०० ग्रॅममध्ये साखर जवळपास तेवढीच, म्हणजे १२.६ ग्रॅम आहे. तंतू मात्र ४ वरून ०.१ ग्रॅमवर आलेला आहे आणि 'क' जीवनसत्त्व नावापुरतेही उरलेले नाही. सफरचंदाचीही गत तीच. सालीसकट सफरचंदात २.४ ग्रॅम तंतू, रसात ०.२ ग्रॅम, साखर दोन्हींत १० ग्रॅमच्या आसपास. संत्र्याची बाजू थोडी बरी आहे. ताज्या संत्रारसात 'क' जीवनसत्त्व १०० ग्रॅमला ५० मिलिग्रॅम टिकते, मूळ फळात ५३ असते, म्हणजे फार तोटा नाही. परंतु तंतू तेथेही २.४ वरून ०.२ वर घसरतो. थोडक्यात, रस काढण्याच्या व्यवहारात साखरेची घट येत नाही, घट येते ती बाकीच्या मालाची.

प्रमाणाचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. वरचे आकडे शंभर ग्रॅमला शंभर ग्रॅम असे आहेत, पण प्रत्यक्षात कोणी असे मोजून खात-पीत नाही. अडीचशे ग्रॅमच्या एका डाळिंबातून साल आणि पडदे काढल्यावर निम्मे वजन दाण्यांचे निघते. त्यातून बी वजा जाता फार तर शंभर मिलिलिटर रस मिळतो. म्हणजे २०० मिलिलिटरचा एक ग्लास भरायला दोन डाळिंबे लागतात. तो ग्लास दोन मिनिटांत संपतो. दोन डाळिंबे सोलून दाणा दाणा खायला बसा, अर्धा तास सहज जाईल आणि दुसरे डाळिंब अर्ध्यावर सोडून आपण घरातल्या मुलाला हाक माराल.

प्रयोग करून पाहिलेली गोष्ट

ही केवळ अंदाजाची बोलणी नाहीत. १९७७ साली इंग्लंडमधील 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना एकदा सबंध सफरचंदे, एकदा सफरचंदाचा लगदा आणि एकदा सफरचंदाचा रस देण्यात आला. तिन्ही वेळा साखरेचे प्रमाण सारखे ठेवले होते. रस हा सबंध फळाच्या अकरापट वेगाने पिऊन होतो, असे दिसून आले. मग सर्वांना एकाच वेगाने खायला-प्यायला लावले, तरी रसाने पोट भरल्याचे समाधान सर्वांत कमी मिळाले, लगद्याने त्याहून जास्त आणि सबंध फळाने सर्वांत जास्त. रक्तातील साखर तिन्ही वेळा सारखीच चढली, परंतु रस प्यायल्यानंतर इन्सुलिन अधिक सुटले आणि थोड्या वेळाने साखर एकदम खाली घसरली. सबंध फळ खाल्ल्यावर अशी घसरण झाली नाही. ज्यूस पिऊन तासाभरात पुन्हा काहीतरी खावेसे का वाटते, याचे उत्तर या घसरणीत असावे.

त्यानंतर २०१३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांचा मोठा अभ्यास आला. अमेरिकेतील सुमारे १ लाख ८७ हजार आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आहाराची अनेक वर्षे नोंद ठेवून तो केला होता. सबंध फळे, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंदे खाणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण कमी आढळले. फळांचा रस जास्त पिणाऱ्यांत ते अधिक आढळले. आठवड्यातून तीन वेळा रसाऐवजी सबंध फळ घेतले तर धोका सुमारे ७ टक्क्यांनी कमी होतो, असा त्यांचा हिशोब होता. असे अभ्यास केवळ संबंध दाखवतात, रसामुळेच आजार झाला असे छातीठोक सिद्ध करत नाहीत, हेही येथे सांगितले पाहिजे. परंतु कापडाच्या धंद्यात तीन ठिकाणांहून एकच तक्रार आली तर आपण गठ्ठा उघडून पाहतोच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेविषयी जे मार्गदर्शन दिले, त्यात फळाच्या रसातील साखर ही 'मोकळी साखर' म्हणून चहातील साखरेच्याच खात्यावर मांडली आहे. सबंध फळातील साखर मात्र त्या खात्यात धरलेली नाही. मोकळी साखर रोजच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, म्हणजे साधारण प्रौढ माणसाला ५० ग्रॅमच्या आत. आणि ती ५ टक्क्यांवर, म्हणजे २५ ग्रॅमवर आणता आली तर अधिक चांगले, असे संघटनेचे म्हणणे आहे. आमचा डाळिंबाचा ग्लास आठवा. दिवसाचे पंचवीस ग्रॅम तेथेच संपतात. आपल्या देशातील राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत रसापेक्षा सबंध फळालाच पसंती दिलेली आहे.

आपल्या जिल्ह्याचे फळ

'एक अनार सौ बीमार' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. सोलापूर जिल्ह्यात मात्र बीमारांपेक्षा अनार जास्त आहेत. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, माळशिरस या कमी पावसाच्या तालुक्यांनी डाळिंबाच्या जोरावर दिवस पाहिले. २००५ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगाव येथे सुरू केले. २०१६ साली 'सोलापूर डाळिंब' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला ते आधीच मिळालेले होते, म्हणजे विणकर आणि बागाईतदार या बाबतीत एका पंगतीला आले. २०१७ साली याच केंद्राने 'सोलापूर लाल' ही जात प्रसारित केली. नेहमीच्या भगव्यापेक्षा तिच्या दाण्यांत लोह, जस्त आणि 'क' जीवनसत्त्व अधिक असावे, असा ती तयार करण्यामागचा हेतू होता.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डाळिंबाचा रस लाल असतो, म्हणून तो प्यायल्याने रक्त वाढते, असे घराघरांत सांगितले जाते. बाळंतिणीला आणि रक्त कमी असलेल्या मुलींना तो मुद्दाम दिला जातो. डाळिंबाचा लाल रंग लोहाचा नसून अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो. हे द्रव्य वाईट नाही, पण ते रक्त नव्हे. रक्त कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या, कलेजी, मांस, पालेभाज्या आणि डाळी यांवर भर द्यावा. सोबत डाळिंब, लिंबू किंवा पेरू असेल तर 'क' जीवनसत्त्वामुळे भाजी-डाळीतील लोह अंगी लागण्यास मदत होते. ग्लासभर लाल रसावर विसंबून गोळ्या बंद करणाऱ्या घरांत नुकसान होते ते त्या मुलीचे.

रसाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगणे न्यायाचे होईल. डाळिंबात काही उपकारक घटक असे आहेत की जे दाण्यांपेक्षा सालीत आणि पिवळ्या पडद्यात जास्त असतात. २००० साली कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात असे आढळले की, सबंध फळ दाबून काढलेल्या कारखान्यातील रसात हे घटक घरी दाण्यांपासून काढलेल्या रसापेक्षा जास्त उतरतात. तेव्हा रस म्हणजे निव्वळ साखरपाणी, असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा अतिरेक होईल. परंतु या घटकांसाठी साखरेची एवढी किंमत मोजावी का, हा प्रश्न उरतोच.

आणि डाळिंब खाणाऱ्यांनाही एक विनंती. पुष्कळ लोक दाणा चोखून बी थुंकून देतात. असे केले तर दातांनी रस काढला एवढेच होते. रेशा बीमध्येच असतो. गणेश ही पुण्यात निवडलेली जुनी जात आणि आताचा भगवा, दोन्हींचे बी मऊ आहे. ते चावून गिळावे. मूठभर दाणे तोंडात टाकून दोनदा चावून गिळणाऱ्यांनी जरा सावकाश खावे, एवढेच.

द्राक्षांविषयी थोडे वेगळे सांगावे लागते. आपल्याच जिल्ह्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांनी निवडलेली सोनाका ही जात महाराष्ट्रभर गेली. परंतु द्राक्षात मुळातच तंतू कमी, शंभर ग्रॅमला एक ग्रॅमहूनही कमी, आणि साखर १५ ग्रॅमच्या पुढे. तेव्हा सबंध फळ आहे म्हणून साखरेच्या रुग्णाने अर्धा किलो द्राक्षे संपवावीत, असा अर्थ कोणी काढू नये. बेदाण्यात तंतू टिकतो, पण साधारण चार किलो द्राक्षे आटून एक किलो बेदाणा होतो, म्हणजे साखरही त्या मानाने आटून येते. बेदाणा चिमटीने खावा, मुठीने नव्हे.

इफ्तारचा दस्तरखान

रमजानमध्ये विजापूर वेसेतील गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला फळांची उलाढाल सांगायला नको. या महिन्यात फळ आणि रस यांतील फरक सर्वांत जास्त जाणवतो, कारण दिवसभर रिकाम्या असलेल्या पोटात पहिली वस्तू कोणती जाते, त्याला महत्त्व आहे.

हुजूर (स.) ताज्या खजुराने रोजा सोडत, तो नसेल तर सुक्या खजुराने आणि तोही नसेल तर पाण्याच्या घोटांनी, असे हदीसमध्ये आले आहे. खजूर गोड आहे, शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमहून अधिक साखर त्यात असते. परंतु तो सबंध फळ आहे, शंभर ग्रॅमला सात-आठ ग्रॅम तंतू त्यात असतो आणि तो चावून खावा लागतो. तीन मध्यम खजुरांची साखर १५ ग्रॅमच्या आसपास होते. दिवसभराच्या उपवासाला एवढी पुरेशी आहे. आपण मात्र त्यावर मोठा ग्लास रस किंवा सरबत घेतो, तळलेली भजी आणि समोसे घेतो आणि तरावीहला उभे राहिल्यावर पाय जड का झाले म्हणून विचारतो. खजुरावर पाणी, नंतर पपई, पेरू, कलिंगड, डाळिंबाचे दाणे यांची ताटली आणि मगरिबनंतर बेताचे जेवण, हा क्रम साखर असलेल्या आणि नसलेल्या दोघांनाही मानवतो. फळांच्या चाटवर साखर आणि दूध ओतण्याची पद्धत मात्र सोडावी. पेरूइतके स्वस्त आणि गुणी फळ दुसरे नाही, ते दस्तरखानावर दिसत नाही याचे आम्हाला नवल वाटते. बहुधा ते स्वस्त आहे, हाच त्याचा दोष असावा.

मधुमेही रोजेदारांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण येथे रसाचे काम उलटे आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याची साखर रोज्यात एकदम खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणे, घाम सुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची लक्षणे. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा तेथेच सोडावा, असे मधुमेहतज्ज्ञांचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगते. आजारी माणसाला सवलत खुद्द कुरआन मजीदने दिलेली आहे. साखर खाली गेली असता अर्धा कप, म्हणजे साधारण १२० मिलिलिटर फळाचा रस किंवा तीन-चार चमचे साखरेचे पाणी ताबडतोब द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. अशा वेळी सफरचंद कापत बसू नये. जो वेग एरव्ही रसाचा दोष आहे, तोच त्या क्षणी जीव वाचवतो. मात्र माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमांनी सांगितले आहे; शंका असल्यास आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांना विचारावे, पण तपासणी टाळू नये. औषधाच्या वेळा रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात.

मुले, आजारी माणसे आणि रसाचे खोके

आजाऱ्याला भेटायला जाताना रसाचे खोके नेण्याची रीत आता सर्वत्र झाली आहे. हेतू चांगला असतो. परंतु ज्याचे मूत्रपिंड अधू आहे, त्याला पोटॅशियम चालत नाही आणि डाळिंब, संत्रे यांच्या रसात ते पुष्कळ असते. जुलाब होत असलेल्या मुलाला गोड रस दिल्यास साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. त्याला क्षारसंजीवनीच द्यावी. आजाऱ्याच्या घरच्यांना आधी विचारावे. दुसरे काही न सुचल्यास चार पेरू किंवा मोसंबी न्यावीत, घरची माणसे तरी खातील.

लहान मुलांबाबत अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली ठरवून दिलेले प्रमाण असे आहे: एक वर्षापर्यंत रस अजिबात नको, तीन वर्षांपर्यंत दिवसाला १२० मिलिलिटर, सहा वर्षांपर्यंत १८० आणि त्यापुढे २४० मिलिलिटरच्या आत. हे प्रमाण निव्वळ फळाच्या रसाचे आहे, रंगीत पेयांचे नव्हे. दुधाच्या बाटलीत रस भरून बाळाला झोपवण्याची जी सवय काही घरांत आहे, तिने दुधाचे दात किडतात.

बाजारातील खोक्यांविषयी दोन शब्द. 'फ्रूट ड्रिंक' असे ज्यावर लिहिलेले असते, त्यात कायद्याने दहा टक्के फळ असले तरी चालते. लिंबाच्या पेयात पाच टक्के. बाकी पाणी आणि साखर. '१०० टक्के फळांचा रस' या मोठ्या अक्षरांच्या दाव्याबाबत अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये आदेश काढला. आटवलेला रस पाण्यात मिसळून तयार केलेल्या मालावर असा दावा करणे दिशाभूल करणारे आहे, तो खोक्यावरून आणि जाहिरातींतून काढावा, असे कंपन्यांना सांगण्यात आले. किलोमागे १५ ग्रॅमहून अधिक साखर घातली असेल तर 'गोड केलेला रस' असे लिहिणेही बंधनकारक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून फळरसावरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे खोकी स्वस्त झाली. ताज्या फळावर मात्र पूर्वीपासूनच कर नाही, हे गिऱ्हाइकाच्या ध्यानात येत नाही, कारण पेरूची जाहिरात कोणी करत नाही. खोके घेताना पुढची चित्रे न पाहता मागची बारीक अक्षरे वाचावीत. आपण कापड घेताना पट्टीवरची नक्षी सोडून किनार उलटून पाहतो, तसेच.

घरखर्चाच्या बाजूने पाहिले तरी हिशोब सरळ आहे. डाळिंबाचा भाव समजा किलोला १२० रुपये आहे आणि किलोत चार फळे बसतात. रस काढला तर दोन माणसांना एकेक ग्लास, माणशी ६० रुपये. फळ खाल्ले तर चार माणसांना एकेक, माणशी ३०. सूरह अनआममध्ये जेथे अनाराचा आणि पिकाचा उल्लेख आहे, तेथेच पीक हाती आल्यावर त्याचा हक्क द्यावा आणि इसराफ, म्हणजे उधळपट्टी करू नये, असे सांगितले आहे. चोथ्याच्या बादलीकडे पाहिले की आम्हाला ते आठवते.

ज्यूस सेंटरवाल्यांनी काय करावे?

हे सर्व वाचून आमचे ज्यूसवाले बंधू रागावतील, याची आम्हाला कल्पना आहे. धंदा बंद करा असे आमचे म्हणणे नाही. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिसाच्या वर गेल्यावर माणसाला काहीतरी गार लागणारच आणि महिन्यातून चार वेळा ग्लासभर रस प्यायल्याने निरोगी माणसाचे काही बिघडत नाही. परंतु गिऱ्हाईक बदलत आहे, तेव्हा दुकानानेही थोडे बदलावे. साखर आधी घालून न ठेवता विचारून घालावी. पिकलेल्या फळाला ती लागतच नाही. २०० मिलिलिटरच्या ग्लासाबरोबर १०० मिलिलिटरचा छोटा ग्लासही दरपत्रकात ठेवावा. चिकू, आंबा, पपई यांचा रस गाळू नये, म्हणजे बराचसा रेशा ग्लासात राहतो. आणि कापलेल्या फळांची डिश ठेवावी. एका डिशला फळ रसापेक्षा कमी लागते, वीज लागत नाही आणि चोथाही जवळपास उरत नाही, म्हणजे नफ्याचे प्रमाण वाईट नाही. अट एवढीच की, फळ गिऱ्हाईक आल्यावर कापावे आणि सुरी, पाट व हात स्वच्छ असावेत. सकाळी कापून दुपारपर्यंत माश्यांसमोर उघडे ठेवलेले फळ गाळलेल्या रसापेक्षा वाईट.

यंत्रमागाच्या शेडमध्ये घाम गाळणाऱ्या कामगारांसाठी दुपारी उसाचा रस मागवणारे कारखानदार आहेत. तहानेसाठी पाणी, ताक किंवा मीठ घातलेले लिंबूपाणी अधिक कामाचे. उसाच्या रसात तर शंभरामागे तेरा-चौदा ग्रॅम साखर असते.

बर्फाचे तर फारच जपावे. २०१८ पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा करून विकण्याचा नियम आहे, तो याचसाठी की मासे आणि माल गार ठेवण्याचा बर्फ ग्लासात जाऊ नये. पांढरा दिसतो म्हणून बर्फ चांगला असे समजू नये, तो पिण्याच्या पाण्यापासून केला आहे याची खात्री कारखान्यातून करून घ्यावी.

आमच्या जुळे सोलापुरात सकाळी फिरायला निघणारी मंडळी आता कारल्याचा आणि दुधीभोपळ्याचा रस पिताना दिसतात. त्यांच्यासाठी आणि तो विकणाऱ्यांसाठी एक इशारा येथेच दिला पाहिजे. दुधी कधीकधी कडू निघतो. अशा कडू दुधीचा रस प्यायल्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावल्याची प्रकरणे आपल्या देशात झाली आहेत. त्यांची चौकशी करून भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीने २०१२ साली असे सुचवले की, रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखून पाहावा, कडू लागला तर तो दुधी टाकून द्यावा आणि दुधीचा रस दुसऱ्या कोणत्याही रसात मिसळू नये. कारल्याच्या रसात तो मिसळून विकला, तर दुधी कडू होता की कारले, हे पिणाऱ्याला कळायला मार्गच राहत नाही. रस प्यायल्यावर पोटात कळ आली, उलटी किंवा जुलाब झाले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच दवाखान्यात जावे आणि कोणता रस प्यायला होता, ते डॉक्टरांना आधी सांगावे.